संवाद ऐकू येत नाहीत, म्हणून संगीत दाबू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मराठी चित्रपट पाहून आलेल्यांची एक तक्रार वाचकपत्रांत वरचेवर दिसते : संवाद नीट कळले नाहीत, पार्श्वसंगीत फार मोठे होते. तक्रार खरी आहे. पण तिच्यावर सुचवला जाणारा ‘संगीत कमी करा’ हा उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि फायनल मिक्सच्या (संवाद, संगीत आणि इतर आवाज एकत्र जुळवण्याच्या) शेवटच्या दिवशी निर्मातेही नेमका तोच सांगतात. आम्ही चित्रपटांच्या ध्वनिमिश्रणाचे काम करणारे काही तंत्रज्ञ आहोत. आमचे म्हणणे असे की शब्द आणि संगीत एकमेकांच्या आड येतात ते फ्रिक्वेन्सीच्या (सेकंदाला किती कंपने, ते हर्ट्झमध्ये मोजतात) ठरावीक पट्ट्यात. तो पट्टा डिजिटल इक्वलायझरने, आमच्या रोजच्या बोलण्यात इक्यूने, हवा तिथे आणि हवा तेवढाच मोकळा करता येतो. मात्र त्यासाठी संगीत मिक्सला सुटे, वाद्यांच्या गटांप्रमाणे वेगवेगळे, यावे लागते. एकदा घट्ट बांधून आलेल्या संगीतावर इक्यू फारसे काही करू शकत नाही.

पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण 85 ते 180 हर्ट्झ असतो, स्त्रीचा 165 ते 255. पण शब्द ओळखू येतो तो या मूळ स्वरामुळे नव्हे. ‘त’ की ‘ट’, ‘क’ की ‘प’ हे कान ठरवतो ते मुख्यतः 1.5 ते 4 किलोहर्ट्झच्या दरम्यान, काही मिलिसेकंदच टिकणाऱ्या खुणांवरून. ‘स’, ‘श’, ‘च’ यांची सळसळ त्याहून वर, 8 किलोहर्ट्झपर्यंत जाते. या व्यंजनांत ताकद फार थोडी असते. लोकेशनवर संवाद छातीवर लावलेल्या छोट्या माइकने घेतले असतील तर ती आणखी घटते, कारण हनुवटीखालच्या माइकपर्यंत 2 ते 4 किलोहर्ट्झचा भाग कमी पोहोचतो आणि छातीची घुमी जास्त. आता याच पट्ट्यात संगीतातले काय काय असते ते पाहा : व्हायोलिनच्या गजाची धार, सुंदरीचे (छोट्या सनईसारख्या वाद्याचे) टोक, पेटीच्या सुरांची चरचर, तानपुऱ्याची जवारी, ताशाची कडकड. माणसाचा कानही 3 ते 4 किलोहर्ट्झलाच सर्वांत तीक्ष्ण असतो. म्हणजे सगळ्यांची गर्दी एकाच दारात.

अशा वेळी संगीताचा फेडर (पातळी कमी-जास्त करणारी सरकपट्टी) 6 डीबी (डेसिबल) खाली ओढला तर काय होते? चेलोचा खर्ज, बासरीचा भरदारपणा, तबल्याच्या डग्ग्याची घुमक, सगळे सारखेच 6 डीबीने उतरते. पण आवाज लहान झाला की कानाला खर्ज आधी ऐकू येईनासा होतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवले आहे. मग दाबलेल्या संगीतात ठळक उरते ती नेमकी गजाची आणि पेटीची चरचर, म्हणजे शब्दांना नडणारा भाग. संगीत पातळ होते, प्रसंगाचा जीव जातो आणि शब्द तरीही अर्धेच कळतात. निर्माता म्हणतो, ‘अजून कमी करा.’

एक प्रसंग घेऊ. दोघे जण हळू आवाजात बोलत आहेत. खाली व्हायोलिनचा ताफा लांब सूर धरून आहे, त्याखाली चेलो, मध्ये पेटीचा हलका भरणा, आणि अधूनमधून बासरी. सर्वांत जास्त अडवतात ते लांब धरलेले सूर. ठेक्याच्या वाद्यात दोन आघातांच्या मध्ये शब्दाला फट मिळते, धरलेल्या सुरात ती मिळत नाही. म्हणून पहिला हात व्हायोलिनला. मध्यबिंदू 2.5 किलोहर्ट्झ, क्यू (पट्टा किती अरुंद ते सांगणारा आकडा) 0.67, कट (घट) 3 डीबी. क्यू 0.67 म्हणजे दोन सप्तकांचा रुंद पट्टा, इथे 1.25 ते 5 किलोहर्ट्झ. (एका सप्तकाला क्यू 1.41 लागतो, सप्तकाच्या तिसऱ्या हिश्श्याला 4.3. पण क्यूचा आकडा सगळ्या प्लग-इनमध्ये, म्हणजे इक्यूच्या जोड-सॉफ्टवेअरमध्ये, एकच अर्थाने वापरलेला नसतो; दुसऱ्या प्लग-इनमध्ये तोच आकडा टाकून निश्चिंत होऊ नका.) इतका उथळ, रुंद कट प्रेक्षकाला कधी कळत नाही. उलट 3 किलोहर्ट्झला क्यू 6 लावून 8 डीबी खोदले तर व्हायोलिन नाकात बोलल्यासारखे वाजते आणि शब्दालाही फायदा होत नाही, कारण व्यंजने एका फ्रिक्वेन्सीवर बसत नाहीत, ती पसरलेली असतात.

चेलोला 200 ते 350 हर्ट्झच्या दरम्यान 2 डीबी कमी करा. शब्दाशी याचा काय संबंध, असे वाटेल. जोरकस खालचा सूर आपल्यापेक्षा वरच्या फ्रिक्वेन्सींना झाकतो. वरचा सूर खालच्यांना तेवढा झाकत नाही. त्यामुळे 250 हर्ट्झला साचलेली घुमी पुरुषी आवाजातले ‘अ’, ‘ओ’ धूसर करते. पेटीला दोन्हीकडून थोडे छाटा, 300 हर्ट्झला 2 आणि 3 किलोहर्ट्झला 2 डीबी. आणि ती काढून टाकली तरी प्रसंगाचे काही बिघडत नसेल तर खरेच काढा. बासरीला हात लावू नका. तिचे मूळ स्वर 300 ते 1200 हर्ट्झमध्ये फिरतात, 2.5 किलोहर्ट्झला हलक्या फुंकरीपलीकडे तिचे फारसे काही नसते, आणि चांगल्या संगीतकाराने तिची जागा वाक्यांच्या मधल्या श्वासात ठेवलेलीच असते.

यानंतर रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेली खोलीची गुंज, जो बहुतेक मिक्समध्ये विसरला जातो. वाद्याला कट दिला, पण त्याचा रिव्हर्ब कट न देता वेगळ्या चॅनेलमधून येत राहिला, तर शब्दांमधली फट त्याच्या शेपटाने भरून जाते. रिव्हर्बच्या रिटर्नवर (तो परत येतो त्या चॅनेलवर) लो कट (त्याखालचे छाटणारा) 250 हर्ट्झला, हाय कट (त्यावरचे छाटणारा) 6 किलोहर्ट्झला आणि 2.5 किलोहर्ट्झच्या आसपास 3 डीबीचा उथळ कट ठेवावा. थिएटरच्या भिंती स्वतःची घुमी वर घालतातच.

एवढे करून संगीताचा फेडर होता तिथेच ठेवा. बहुतेक वेळा तो 1 डीबी वर नेला तरी शब्द स्वच्छ राहतात. मात्र इक्यू चालू-बंद करून तुलना करताना दोन्ही पातळ्या समान करून घ्या. बूस्ट केले की आवाज मोठा होतो आणि मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. या एका फसवणुकीमुळे जगात जितके वाईट इक्यू झाले असतील तितके दुसऱ्या कशामुळे नसतील.

दुसरी वाईट सवय म्हणजे ट्रॅक एकटा वाजवून त्याला इक्यू करणे. एकट्या व्हायोलिनला 3 किलोहर्ट्झला 3 डीबी दिले की ते उठून दिसते. एकट्या पेटीला दिले की तीही. सतारीला, गिटारला, सिंथच्या पॅडलाही. प्रत्येकाला तयार प्रीसेटमधून हाच उजाळा मिळतो, आणि दहा ट्रॅक एकत्र वाजले की 3 किलोहर्ट्झची भिंत उभी राहते. आता आपोआप इक्यू ठरवून देणारी सॉफ्टवेअर आली आहेत. ती ट्रॅकला एका सरासरी आलेखाकडे नेतात. त्या जागी पात्र काय बोलते आहे हे त्यांना ठाऊक नसते. पार्श्वसंगीताचा इक्यू संवाद चालू असतानाच करावा, आणि पडद्यावरचा आलेख झाकून ऐकावा. डिजिटल इक्यूचा तो रंगीत आलेख फार उपयोगी आहे, पण हमचा (विजेमुळे येणाऱ्या गुणगुणीचा) किंवा शिट्टीचा नेमका आकडा शोधायला. बाकी निर्णय कानाचे.

हम शोधायचा तर आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून 50, 100, 150, 200, 250 असे तपासत जावे. इथे मात्र अरुंद नॉच हवा, क्यू 30 किंवा जास्त. 150 हर्ट्झला क्यू 30 म्हणजे सुमारे 147.5 ते 152.5 एवढीच खाच. पांढरी दोन या पट्टीचा खालचा षड्ज (सा) 146.8 हर्ट्झला असतो; क्यू 10 वर ठेवलात तर हमबरोबर तानपुऱ्याचा सा देखील पोखरला जाईल. पट्टी आधी विचारून घ्यावी, मग नॉच लावावा.

आता ढोलकीबद्दल, कारण आपल्या चित्रपटांत ती सर्वाधिक बिघडवली जाते. ढोलकीला सहसा दोन माइक असतात, एक उजव्या, चढ्या बाजूला आणि एक डाव्या, खर्जाच्या बाजूला. चढ्या बाजूच्या माइकमध्ये खर्ज नको म्हणून त्याला 120 हर्ट्झवर 24 डीबी प्रति सप्तकाचा लो कट लावला जातो, दुसऱ्याला काहीच नाही. साधा, म्हणजे मिनिमम-फेज इक्यू फ्रिक्वेन्सी छाटताना फेजही (लाटेच्या चढ-उताराची वेळ) फिरवतो, आणि इतका तीव्र लो कट आपल्या कोपऱ्यावर ती 180 अंशांनी फिरवतो. चढ्या बाजूच्या माइकमध्ये शिरलेला उरलासुरला खर्ज आता उलटा झाला. दोन्ही माइक एकत्र आले की 120 हर्ट्झच्या परिसरात ते एकमेकांना खातात. डाव्या थापेतला दम जातो. मग तो परत आणायला कोणी 100 हर्ट्झला 5 डीबी बूस्ट करतो, आणि थिएटरमध्ये ढोलकीच्या जागी पिंप वाजते. उपाय सोपा आहे : दोन्ही माइक एका ग्रुपमध्ये घ्या आणि लो कट ग्रुपला एकदाच द्या. एकाच माइकला द्यायचाच असेल तर 6 डीबी प्रति सप्तकाचा सौम्य उतार वापरा, आणि दोन्ही माइक एकत्र ऐकूनच ठेवा.

यावर काही जण लिनियर-फेज इक्यू सुचवतील. तो फेज फिरवत नाही हे खरे, पण त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे आघाताच्या आधीच त्याची झणझण सुरू होते. कट जितका खालच्या फ्रिक्वेन्सीला आणि जितका तीव्र, तितकी ती लांब. ढोलकी, हलगी, तबला यांच्या थापेची कड त्याने बोथट होते. थाप पडण्याआधी तिचा भास येतो. दुसरी किंमत वेळेची. 4096 नमुन्यांचा लिनियर-फेज फिल्टर आवाज 2048 नमुने उशिरा सोडतो. 48 किलोहर्ट्झ (सेकंदाला 48,000 नमुने) आणि सेकंदाला 24 फ्रेम या हिशेबात एक फ्रेम म्हणजे 2000 नमुने, तेव्हा आवाज एका फ्रेमहून थोडा जास्तच मागे पडतो. सॉफ्टवेअरची उशीरभरपाई चालू असेल तर काही बिघडत नाही. ती बंद असेल, किंवा स्टेम (एका गटाच्या आवाजांचा वेगळा ट्रॅक) प्लग-इनसकट बाहेरच्या मशीनमधून फिरून येत असेल, तर गाण्यातले ओठ आणि ठेका सुटतात, आणि मग संकलकाला दोष दिला जातो. आमच्या मते आघाताच्या वाद्यांना मिनिमम-फेज आणि लांब सुरांच्या ताफ्यांना गरज पडल्यास लिनियर-फेज एवढे पथ्य पुरेसे आहे.

तबल्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. चामड्याच्या साध्या ढोलाचे उपस्वर बेसूर असतात, पण शाईमुळे तबल्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्णांक पटींच्या जवळ येतात; सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये हे दाखवले. काळी एकला लावलेल्या उजव्याचा सा 277 हर्ट्झला असेल तर त्याच्या पटी 554, 831 अशा जातात. त्यातल्या एखादीवर क्यू 8 चा अरुंद बूस्ट बसला तर प्रत्येक बोलावर एकच सूर ठणठणू लागतो, आणि गायिकेच्या कोमल सुराला तो टोचतो. तबल्याला धार हवी असेल तर 4 ते 6 किलोहर्ट्झला रुंद, 1.5 ते 2 डीबीचा हात द्यावा.

प्रसंग बदलत राहतो, पात्रे थांबून बोलतात, मध्येच संगीत वर यावे लागते. एकच कायमचा कट तिथे पुरत नाही. यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला हाताने ऑटोमेशन लिहिण्याचा : पहिल्या शब्दाच्या 12 फ्रेम आधी, म्हणजे अर्धा सेकंद, कट उतरायला सुरुवात करायची आणि शेवटच्या शब्दानंतर सेकंदभरात परत वर यायचे. शब्दाबरोबरच कट पडला तर तो ऐकू येतो. दुसरा मार्ग डायनॅमिक इक्यूचा, म्हणजे संवाद आला की आपोआप कट देणाऱ्या इक्यूचा. त्याच्या साइडचेनला (त्याला चालना देणाऱ्या इनपुटला) संवादांचा स्टेम द्यायचा, पट्टा 1.5 ते 4 किलोहर्ट्झ, नेहमीच्या बोलण्याला 2 ते 3 डीबी कट होईल असा थ्रेशोल्ड (कट सुरू होण्याची पातळी), आणि काही झाले तरी 4 डीबीच्या पुढे न जाण्याची मर्यादा. अटॅक (कट लागण्याचा वेळ) 30 मिलिसेकंद, रिलीज (सुटण्याचा वेळ) 300 ते 500. रिलीज 80 वर ठेवला की संगीत शब्दागणिक वर-खाली होते आणि कटापेक्षा ती हालचालच कानात भरते. कुजबुजीच्या प्रसंगात थ्रेशोल्ड खाली आणायला विसरू नका. कुजबुजीत मूळ स्वर नसतोच, सगळा भार व्यंजनांवर असतो, आणि नेमक्या तिथेच यंत्र झोपून राहते.

या सोयीत एक खड्डा आहे. साइडचेनवर चालणारा कट संगीताच्या स्टेममध्ये छापला गेला, म्हणजे कायमचा मुद्रित झाला, तर चित्रपट दुसऱ्या भाषेत डब होताना तो कट मूळ मराठी वाक्यांच्या जागीच राहतो. हिंदी वाक्य चार फ्रेम उशिरा सुरू होते किंवा लांबते, आणि संगीत विनाकारण भलतीकडे बुडते. म्हणून संगीत आणि इफेक्ट्सचा वेगळा संच काढताना साइडचेन बंद करून संगीत पुन्हा छापावे. तासा-दोन तासांचे काम आहे, पण ते आधी वेळापत्रकात धरलेले नसते.

आणि जिथे इक्यू हरतो तेही सांगायला हवे. गाण्याचे शब्द चालू आहेत आणि त्यावर पात्रही बोलत आहे, अशा जागी दोन्हीकडे माणसाचाच आवाज असतो, पट्टा तोच, व्यंजने तीच. कितीही कट द्या, दोन्ही अर्धे कळतील. तिथे गाण्याचा वाद्यमेळ ठेवून गायकीचा ट्रॅक संवादापुरता काढावा, किंवा संवाद दोन ओळींच्या मधल्या संगीतात सरकवावा. हा निर्णय दिग्दर्शकाने संकलनाच्या टेबलावर घ्यायचा असतो. मिक्स थिएटरात तो घ्यायला गेलो की तासाचे भाडे वाढत जाते. जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा नव्या चित्रपटात वापरतानाही इक्यूची मर्यादा ओळखावी. 8 किलोहर्ट्झच्या वर त्यात संगीत जवळपास नसतेच, तिथे बूस्ट केले की फक्त खरखर वर येते. तो आवाज आहे तसा ठेवावा आणि आजूबाजूच्या ध्वनींना त्याच्यासाठी जागा द्यावी.

थिएटरात गाणे बसवताना स्पीकरची जागाही इक्यू बदलते. संगीताच्या खोलीत गायिकेचा आवाज डाव्या-उजव्या स्पीकरमधून सारखा येऊन मध्यभागी भासतो. एका स्पीकरचा आवाज दोन्ही कानांना किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचतो, त्यामुळे त्या भासलेल्या आवाजात 2 किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, आणि तो भरायला तिथे 2-3 डीबी बूस्ट झालेला असतो. मिक्समध्ये हाच आवाज पडद्यामागच्या खऱ्या सेंटर स्पीकरवर ठेवला की खड्डा नाहीसा होतो आणि बूस्ट मात्र राहतो. आवाज कर्कश लागतो. गायिकेचा ट्रॅक सेंटरला नेल्यावर 2 किलोहर्ट्झचा बूस्ट आधी काढून ऐकावा, डी-एसर (‘स’ची सळसळ दाबणारे साधन) नंतर.

फक्त खर्जासाठीच्या वेगळ्या, एलएफई चॅनेलचेही असेच. त्याला थिएटरमध्ये पडद्याच्या एका चॅनेलपेक्षा 10 डीबी जास्त जोर मिळतो. म्हणून ढोल-ताशाच्या पथकाचा ढोल त्यावर पाठवण्याचा मोह होतो. मुख्य चॅनेलमधला तोच ढोल 80 हर्ट्झच्या 24 डीबी प्रति सप्तकाच्या हाय कटमधून एलएफईला दिला, तर 80 हर्ट्झला दोन्हींच्या फेजमध्ये पुन्हा 180 अंशांचा फरक पडतो, आणि जिथे धक्का हवा तिथेच पोकळी येते. एलएफईची ध्रुवता (लाटेची दिशा) उलटी-सुलटी करून ऐकावी, जिथे ढोल भरतो ती ठेवावी. आणि ढोलाचा मुख्य आवाज फक्त एलएफईवर कधीच ठेवू नये. दूरदर्शन किंवा मोबाइलसाठी स्टिरिओ आवृत्ती करताना हा चॅनेल बहुधा सोडून दिला जातो.

आता संगीतकारांच्या खोल्या. आज पुणे, कोल्हापूर, नाशिक, कुठेही घरच्या खोलीत उत्तम संगीत तयार होते आणि ते आनंदाचेच आहे. पण 11 फूट लांबीच्या खोलीत सुमारे 50 हर्ट्झला भिंतींमध्ये उभी लाट तयार होते आणि खोलीच्या बरोबर मध्ये बसणाऱ्याला ती फ्रिक्वेन्सी जवळजवळ ऐकूच येत नाही. तो 50 हर्ट्झला 6 डीबी चढवतो, आणि मोठ्या थिएटरात तो खर्ज शब्द गिळतो. बसायची जागा समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या 38 टक्क्यांच्या आसपास घेतली आणि कोपऱ्यांत जाड शोषक लावले तर बराच फरक पडतो. इतके खाली इक्यूने खोली सुधारण्याचा प्रयत्न करू नये. खड्ड्यात कितीही ऊर्जा ओतली तरी तो भरत नाही. पातळीही ठरवून घ्यावी. चित्रपटाच्या मिक्स थिएटरात पडद्याच्या प्रत्येक चॅनेलला 85 डीबी धरतात, छोट्या खोलीत 76 ते 79 पुरे. त्याहून हळू ऐकून मिक्स केले की खर्ज आणि वरचा भाग आपसूक जास्त दिला जातो.

थिएटरचा म्हणून एक ठरलेला आलेख असतो, ज्याला एक्स-कर्व्ह म्हणतात. 2 किलोहर्ट्झपर्यंत सपाट, पुढे सप्तकाला 3 डीबी उतार, 10 किलोहर्ट्झनंतर 6. म्हणजे 8 किलोहर्ट्झला 6 डीबी कमी. हे ऐकून काही संगीतकार आधीच 8 किलोहर्ट्झला शेल्फ (तिथून वरचे सगळे उचलणारा बूस्ट) चढवून पाठवतात. कृपया तसे करू नये. हा उतार मोठ्या खोलीतल्या मोजणीचा आहे, कानाला तिथे तो तेवढा जाणवत नाही, आणि गरज लागली तर वरचा भाग मिक्समध्ये खुला करता येतो. आधी चढवून आलेला झांज-मंजिऱ्यांचा आणि ‘स’काराचा चटका मात्र उतरवताना वाद्याचा तजेलाही जातो.

मिक्सला संगीत कसे यावे, हे आमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे मागणे. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. सगळे स्टेम एकाच बिंदूपासून सुरू होणारे. चित्राच्या पहिल्या फ्रेमच्या 2 सेकंद आधी एका फ्रेमचा बीप. ठेक्याची वाद्ये, खर्ज, लांब सुरांचे ताफे, पेटी-गिटारसारखा भरणा, एकल वाद्य, कोरस, गायक, आणि रिव्हर्ब, हे सगळे वेगवेगळे. आठ ते दहा स्टेम पुरतात. वाद्याच्या स्वभावासाठी केलेला इक्यू स्टेममध्ये खुशाल छापा, तो तुमच्या संगीताचा भाग आहे. संवादांना जागा म्हणून केलेला कट मात्र छापू नका. तुमच्याकडचा संवाद कच्चा होता, इथे तो बदललेला असतो. मास्टरवर (एकत्र केलेल्या आवाजावर) लिमिटर (शिखरे मर्यादेत दाबणारे साधन) नको, शिखरे पूर्ण मर्यादेच्या 6 डीबी खाली राहू द्या. लिमिटरने दाबलेल्या संगीताला आम्ही साधा 40 हर्ट्झचा लो कट दिला तरी फेज हलल्यामुळे शिखरे उलट वर जातात आणि आवाज फाटतो. काही काढून टाकल्यावर शिखर वाढते हे विचित्र वाटते, पण मीटरवर कोणीही पाहू शकतो. सर्वांत वाईट म्हणजे एकच स्टिरिओ फाइल येणे. तिच्यातल्या व्हायोलिनला 2.5 किलोहर्ट्झला कट दिला की ढोलकीची चाट आणि बासरीची फुंकरही कापली जाते. तिथे आम्हीही शेवटी फेडरच खाली ओढतो, आणि प्रेक्षकांची तक्रार खरी ठरते.

थिएटरचालकांनाही एक विनंती. आवाजाच्या प्रोसेसरवरचा फेडरचा 7 हा आकडा म्हणजे मिक्स ज्या पातळीवर झाले ती पातळी. अनेक ठिकाणी तो 5 वर असतो, म्हणजे सुमारे 6.7 डीबी खाली. वातानुकूलन यंत्राची घरघर आहे तिथेच राहते आणि क्षीण व्यंजने आधी तिच्यात बुडतात. फेडर खाली आणला जातो तो जाहिरातींच्या गोंगाटामुळे. जाहिराती आणि मुख्य चित्रपट यांना वेगवेगळी फेडर-पातळी नेमून देता येते; ती प्लेलिस्टमध्ये एकदा लिहिली की रोज कोणाला हात लावावा लागत नाही.

घरी पाहण्याच्या आवृत्तीसाठी निर्मात्यांनी वेगळा दिवस धरावा. थिएटरचा मिक्स तसाच्या तसा ओटीटीला जात नाही. नेटफ्लिक्ससारखे मंच संवादांवरून मोजलेली सरासरी पातळी उणे 27 एलकेएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक), दोन युनिट इकडेतिकडे, आणि खरे शिखर उणे 2 डीबीच्या आत मागतात. दिवाणखान्यात आवाज लहान, स्पीकर छोटे, पंखा चालू. तिथे संगीताचा 2.5 किलोहर्ट्झचा कट 1 डीबीने वाढवावा लागतो, 60 हर्ट्झखालचे जे थिएटरसाठी ठेवले होते ते सौम्य लो कटने आवरावे लागते, आणि डायनॅमिक इक्यूचा थ्रेशोल्ड नव्याने लावावा लागतो. डिजिटल सत्र (मिक्सची सगळ्या जुळणीसह फाइल) जपून ठेवलेले असेल तर थिएटरचा प्रत्येक कट जसाच्या तसा परत उघडतो आणि हे काम एका दिवसात होते. सत्र, स्टेम आणि वापरलेल्या प्लग-इनची आवृत्तीसकट यादी निर्मात्याच्या हार्ड डिस्कवर दोन प्रतींत असावी, ही अट करारातच घाला.

आपले नम्र,
चित्रपटांच्या ध्वनिमिश्रणाचे काम करणारे काही तंत्रज्ञ, मुंबई